चिंतेवरील उपचार शिकविणारी माणसे : ठाणे, परळ, गोवे आणि वसई

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, तोपर्यंत वसई तालुक्याचे सारे सरकारी दफ्तर ठाण्यास रुजू होत असे. जमिनीचा तंटा असो, शाळेची मान्यता असो, नाहीतर घरातील एखाद्या माणसाचे चित्त ठिकाणावर न राहिल्याची आपत्ती असो, वसईकराची वाट शेवटी खाडी ओलांडून ठाण्याकडेच वळत असे. यास्तव वसईतील मनोविकारांच्या उपचारांचा इतिहास सांगावयाचा, तर तो वसईच्या हद्दीत मावत नाही. तो ठाण्यास सुरू होतो, परळच्या रुग्णालयातून जातो, मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामधील टपालात कित्येक वर्षे वावरतो, गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक निराळे वळण घेतो, आणि मग वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, एव्हरशाईन सिटीतल्या एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावरील गाळ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

वसईच्या या पूर्व अंगास पूर्वी भातखाचरे, पाणथळ आणि मिठागरे होती. मुंबईत घर परवडेनासे झालेल्या मध्यमवर्गाने गेल्या काही दशकांत तेथे एकामागून एक वसाहती भरून काढल्या. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, आणि २०११ च्या खानेसुमारीत तिच्या हद्दीत १२,२२,३९० माणसे मोजली गेली. यांतील पुष्कळ कर्त्या माणसांचा दिवस पहाटेच्या लोकलने सुरू होतो आणि रात्रीच्या लोकलने संपतो. घराचे हप्ते, मुलांच्या शाळा आणि म्हाताऱ्या आईबापांची दुखणी हे सर्व त्या दोन गाड्यांच्या मध्ये बसवावे लागते. दाताच्या, त्वचेच्या, हाडांच्या डॉक्टरांच्या पाट्यांशेजारी अलीकडे ‘समुपदेशन’ अशीही पाटी दिसू लागली आहे. छातीत धडधडते, रात्री दोनला दचकून जाग येते, गर्दीत गुदमरल्यासारखे होते, अशी तक्रार घेऊन मनुष्य त्या दारात शिरतो, तेव्हा आत बसलेल्या व्यक्तीची पदवी तो भिंतीवर वाचतो. परंतु या व्यक्तीस हे काम प्रत्यक्ष कोणी शिकविले, शिकताना तिच्या शेजारी कोण बसले होते, तिच्या चुका कोणी ऐकल्या आणि कोणी दुरुस्त केल्या, हे विचारावे असे त्याच्या मनातही येत नाही. माझ्या मते या विद्येच्या साऱ्या इतिहासात तेच विचारण्याजोगे आहे.

आरंभी शिकविण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण करावयाचे होते ते मुख्यतः बंदोबस्ताचे काम. कंपनी सरकारच्या अमदानीत मुंबईस कुलाब्याला वेड्यांचे इस्पितळ होते. १८५८ च्या कायद्याने अशा आश्रयस्थानांना एकसारखे रूप आले. नागपूर आणि रत्नागिरी येथील संस्था एकोणिसाव्या शतकातच उभ्या राहिल्या, आणि १९०१ साली ठाण्याचे मनोरुग्णालय सुरू झाले, ते नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ओळखले गेले. १९१२ चा कायदा आला तो न्यायाधीशाचा हुकूम, वैद्यकीय दाखला, भरती आणि मुक्तता यांचे नियम घेऊन. त्या काळच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पुष्कळ माणुसकीने काम केले असेल. तथापि त्या भिंतींच्या आत ज्यास जागा होती तो रोगी वेगळा होता. जो कामावर जातो, संसार करतो, मात्र पूल ओलांडताना ज्याचे हातपाय गार पडतात, त्याचे नाव त्या नोंदवहीत कधी चढलेच नाही. तो गावातल्या वैद्याकडे गेला, जीवदानीला नवस बोलला, चर्चमध्ये नोव्हेना करून आला, शक्तीचे औषध पिऊन पाहिले, आणि बहुतेक वेळा काहीच न करता आयुष्यभर पूल टाळीत राहिला. ‘याला ठाण्याला पोचवा’ हे वाक्य मुंबई आणि साष्टी-वसईच्या बोलण्यात इतके रुळले की, चिंतेने गांजलेल्या माणसास मदत मागण्याआधी त्या वाक्याचेच भय वाटू लागले. या एका वाक्याने किती माणसांना वेळीच दार ठोठावण्यापासून परावृत्त केले असेल, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात नाही.

परिस्थिती पालटू लागली ती विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, आणि ती मुंबईतच. १९३६ साली स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने दुसऱ्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र काढले. हीच संस्था पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. १९३८ साली डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. रोगी भिंतीआड न जाता सर्वसामान्य इस्पितळाच्या रांगेत बसून डॉक्टरला भेटू शकतो, ही कल्पना आज आपणास स्वाभाविक वाटते. त्या वेळी ती नवीन होती, आणि चिंताग्रस्त मनुष्य वैद्यकाच्या दृष्टीस प्रथम पडला तो या रांगेमुळे. १९४६ च्या भोर समितीने मनोरुग्णालयांची दुरवस्था आणि प्रशिक्षित माणसांचा दुष्काळ स्पष्ट शब्दांत मांडला. त्यानंतर १९५४ साली बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी तेथे चिकित्सा-मानसशास्त्राची पदविका सुरू झाली. हीच संस्था पुढे निम्हान्स म्हणून नावारूपास आली. ज्या मराठी विद्यार्थ्यास रुग्णासमोर बसण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण हवे असे, त्यास बराच काळ बंगळूरची किंवा रांचीची वाट धरावी लागे, आणि तेथे तो जे शिके ते आपल्या गावच्या रुग्णाच्या भाषेत उतरविण्याचे काम त्याचे त्यासच करावे लागे.

इकडे हे चालले असता पश्चिमेकडे चिंतेविषयीच्या विचारात मोठी उलथापालथ होत होती. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने सशास भिणाऱ्या पीटर नावाच्या बालकाची भीती हळूहळू घालवून दाखविली होती. १९५८ साली दक्षिण आफ्रिकेच्या जोसेफ वोल्पे यांनी भीतीच्या वस्तूकडे पायरीपायरीने, शरीर शिथिल राखून, जाण्याची पद्धत ग्रंथबद्ध केली. १९५५ च्या सुमारास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मनोविश्लेषणाचा मार्ग सोडून असे प्रतिपादिले की, घटना मनुष्यास जितकी अस्वस्थ करते त्याहून अधिक त्या घटनेविषयीचा त्याचा दुराग्रही समज करतो. फिलाडेल्फियाचे एरन बेक यांनी साठीच्या दशकात तोच धागा निराळ्या हाताने धरला. रुग्णाच्या मनात क्षणार्धात उमटून जाणारे विचार टिपावेत, त्यांस पुराव्याच्या कसोटीवर घासावे, आणि ती कसोटी खोलीतल्या चर्चेपुरती न ठेवता प्रत्यक्ष वर्तनात उतरवावी, ही त्यांची रीत. या प्रवाहांच्या संगमास आज सीबीटी किंवा बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात. तिचा विशेष असा की, ती आरंभापासून मोजमापास राजी होती: इतक्या बैठका, इतके रुग्ण, उपचार न मिळालेला तुलनेचा गट, आणि अखेरीस निकाल. चिंतेच्या विकारांत तिची उपयुक्तता वारंवार पडताळली गेली ती यामुळेच.

आपल्याकडे हे सर्व आयात होऊनच आले असे समजणे मात्र अन्यायाचे होईल. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी साठीच्या दशकात पतंजलींच्या योगसूत्रांतील आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान या अंगांवर आधारलेली एक उपचारपद्धती मनोविकारांच्या रुग्णांवर योजिली. त्यांच्या सहकाऱ्यांत लोणावळ्याच्या कैवल्यधामाशी संबंध असलेले डॉ. विनेकर होते, आणि १९६६ साली त्यांचा निबंध इंग्लंडच्या मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वाहियांचे मोठेपण मला यात दिसते की, ‘आमच्या पूर्वजांस सर्व ठाऊक होते’ या समाधानावर ते थांबले नाहीत. तुलनेचा गट ठेवून, फलिताची नोंद करून, आपल्या परंपरेतील साधनासुद्धा त्यांनी परीक्षेस बसविली. या वृत्तीचा वारसा पुढे चालला असता तर मराठी मुलखात चिंतेवरील उपचारांचे स्वतंत्र संप्रदाय उभे राहिले असते. परंतु शिष्यपरंपरा उभी करण्यास जी संस्थात्मक तजवीज लागते, ती त्या काळच्या गर्दीने भरलेल्या बाह्यरुग्ण विभागास कोठून मिळणार?

आणि नेमक्या याच उणिवेवर एका मुंबईकराने जो मार्ग काढला, तो या इतिहासातील मला सर्वांत प्रिय भाग आहे. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस अल्बर्ट एलिस यांना पत्र लिहिले. त्या काळी परदेशी जाऊन शिकावयाचे म्हणजे परकीय चलनाचे निर्बंध, प्रवासाचा खर्च आणि नोकरीवर पाणी सोडणे हे सारे ओघानेच आले. मुंबईत बसून ही विद्या शिकविणारा कोणी नव्हता. फडके यांनी टपालालाच गुरुकुल केले. शंका विचारावी, उत्तर यावे, त्या उत्तरावर पुन्हा शंका काढावी, असा तो पत्रव्यवहार तीन दशकांहून अधिक काळ चालला. पाकीट समुद्रापार जाऊन त्याचे उत्तर येईपर्यंत जे दिवस जात, त्यांत शिष्यास आपल्याच प्रश्नाशी झुंजावे लागे. आजच्या झटपट पाठ्यक्रमांतून नेमका हा अवधी नाहीसा झाला आहे.

फडके केवळ विचारीत राहिले नाहीत. एलिस यांच्या पद्धतीत रुग्णाच्या अविवेकी समजाशी वाद घालण्याची जी पायरी आहे, तिचे त्यांनी १९८२ साली तीन भाग करून दाखविले: प्रथम तो समज हुडकून काढणे, मग त्यास प्रश्न विचारून त्याची कसून उलटतपासणी घेणे, आणि शेवटी विवेकी व अविवेकी समजांतील भेद रुग्णास स्वतः करता येईल असे करणे. एलिस आणि त्यांचे सहलेखक विंडी ड्रायडन यांनी आपल्या लेखनात हे त्रिविध वर्गीकरण फडके यांच्या नावानिशी स्वीकारले. शिकणाऱ्याच्या दृष्टीने याचे मोल फार आहे. ‘रुग्णाशी वाद घाला’ असे सांगितले तर नवशिका समुपदेशक वकिली करू लागतो, आणि रुग्ण एक तर गप्प होतो किंवा घरी जाऊन परत येत नाही. परंतु काम तीन पायऱ्यांत मांडले की आपण कोठे अडखळलो हे त्यास दाखविता येते. जे शिकविता येते त्याचेच असे भाग पडतात, आणि फडके यांच्या ठायी शिक्षकाची ही दृष्टी उपजत असावी. न्यूयॉर्कच्या एलिस संस्थेने त्यांस अधिछात्र आणि पर्यवेक्षक म्हणून मान्यता दिली. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय होत. ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ हे या पद्धतीचे मराठी नाव रूढ झाले, मराठीतून व्याख्याने झाली, ग्रंथ निघाले; त्यांच्या शिष्या डॉ. अंजली जोशी यांनी पुढे एलिस यांच्या जीवनावर ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिली.

१९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यास इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था काढली, तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्याच्या नकाशावर मनाच्या आरोग्याचे दुसरे ठिकाण उमटले. येथे मनुष्य स्वतःच्या पायांनी जाई. विद्यार्थी, पालक, व्यसनमुक्त झालेली माणसे, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे नातेवाईक अशा सर्वांना तेथे गट मिळाले; आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष म्हणजे विवेकनिष्ठ पद्धतीचे शिक्षण तेथे मराठीतून, उपचार करणाऱ्यांस आणि सामान्य माणसासही मिळू लागले. मनाच्या आरोग्याविषयी उघड बोलण्याची सवय ठाणे-कल्याण-वसई पट्ट्यातील मध्यमवर्गास लागली, यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. संतवाङ्मयातील, गीतेतील आणि समर्थांच्या उपदेशातील विचारांशी या पद्धतीचे नाते दाखविण्याची प्रथाही याच परिसरात रुजली. त्यामुळे मराठी मनास ती परकी वाटेनाशी झाली, हे खरे. परंतु शिकणाऱ्याने येथे एक सावधगिरी बाळगावी असे मला वाटते: उपदेश ऐकून मन निवणे ही एक गोष्ट, आणि सहा महिने घराबाहेर न पडलेल्या माणसास पुन्हा बाजारात जाता येणे ही दुसरी, उपचाराची सनद दुसऱ्या गोष्टीनेच मिळते.

मग ही दुसरी गोष्ट शिकवावयाची कशी? २००५ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यसनाधीनांवर उपचार करणाऱ्या ७८ चिकित्सकांस सीबीटी शिकवावयाची होती. काहींस केवळ पुस्तिका दिली, काहींस पुस्तिकेबरोबर संगणकावरील पाठ दिले, आणि काहींस पुस्तिका, वर्ग व त्यानंतर अनुभवी पर्यवेक्षकाची देखरेख दिली. प्रत्यक्ष कौशल्यात सर्वांत पुढे गेला तो हा शेवटचा गट. इंग्लंडने २००८ पासून चिंता आणि नैराश्य यांवरील मानसोपचार सरकारी खर्चाने सर्वांस उपलब्ध करण्याचा उपक्रम आरंभिला, तेव्हा चिकित्सकांसाठी वर्षभराचे शिक्षण ठेवले, आणि त्यात शिकाऊ चिकित्सकाच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून गुण देण्याची व्यवस्था केली. बेक यांच्या परंपरेत अशा गुणपत्रिका १९८० पासून वापरात आहेत. बैठकीचा कार्यक्रम रुग्णाशी मिळून ठरविला का, विचार ओढून न काढता प्रश्नांतून उलगडला का, गृहपाठ दिला का, मागचा गृहपाठ तपासला का, अशी त्यांची कलमे असतात.

हे देखरेखीचे काम जवळून कसे दिसते, हे वसईच्याच भूमीवर पाहू. समजा, एव्हरशाईन सिटीत राहणारी आणि अंधेरीस नोकरी करणारी तिशीतील एक स्त्री समुपदेशिकेकडे येते. गाडी नायगाव सोडून खाडीच्या पुलावर आली की तिची छाती धडधडू लागते, श्वास पुरत नाही, हात बधिर होतात, आणि ‘आता मी येथेच कोसळणार’ असे वाटते. तिने प्रथम जलद गाडी सोडली, मग गर्दीची वेळ सोडली, आता घरूनच काम करता येईल का याची चौकशी चालविली आहे. हृदयाचा आलेख आणि थायरॉइडची तपासणी झाली आहे, दोन्ही ठीक आहेत. ही तपासणी आधी करून घेणे हाही शिक्षणाचाच भाग होय. शिकाऊ समुपदेशिका मनाने चांगली आहे. ती म्हणते, “काही होणार नाही हो, ताई, अजिबात घाबरू नका.” पर्यवेक्षक येथे ध्वनिमुद्रण थांबवितो आणि विचारतो, “हे तिला आजवर किती जणांनी सांगितलं असेल?” नवऱ्याने सांगितले, आईने सांगितले, फॅमिली डॉक्टरने सांगितले, प्रत्येक वेळी घटकाभर बरे वाटले आणि दुसऱ्या दिवशी पूल पुन्हा तेथेच होता. धीर देण्याच्या त्या सद्भावनेने भीती पोसली जाते, हे पुस्तकात वाचून पटते; परंतु समोर माणूस थरथरत असता जीभ आवरणे हे कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते.

पर्यवेक्षक पुढे सुचवितो की, तिलाच विचारावे: “कोसळाल म्हणजे नेमकं काय होईल? आजवर कितीदा असं वाटलं, आणि त्यांतल्या कितीदा खरंच पडलात?” त्यानंतर दोघींनी मिळून शिडी आखावी. पहिल्या दिवशी दुपारच्या वेळी वसई रोडच्या फलाटावर नुसते बसून दोन-चार गाड्या जाऊ द्याव्यात. मग नायगावपर्यंत एकच स्थानक. मग पूल ओलांडून भाईंदर. मग बोरिवली, मग दाराजवळ उभे न राहता आत, मधल्या गर्दीत, आणि सर्वांत वरच्या पायरीवर सकाळची भरलेली जलद गाडी. प्रत्येक पायरीवर भीती चढते, टिकते आणि काही वेळाने आपोआप उतरते, हे शरीरास कळेपर्यंत तेथेच थांबावयाचे. येथे नवशिक्याच्या नजरेतून हमखास सुटणाऱ्या बारीकसारीक गोष्टी असतात: ती स्त्री गाडीत चढली, पण पर्समध्ये पाण्याची बाटली आहे, मुठीत मोबाइलवर नवऱ्याचा क्रमांक तयार आहे, एक हात दाराच्या दांड्यावर आहे. प्रवास पार पडतो आणि श्रेय बाटलीस जाते. पुढच्या फेरीत बाटली घरी ठेवावयाची, हे ठरविणे ज्यास सुचत नाही, त्याच्या शिक्षणात काही राहिले आहे असे समजावे. तसेच, दवाखान्यात मिनिटभर जोराने श्वास घेऊन, जिन्याच्या पायऱ्या धावत चढून, तीच धडधड आणि तीच चक्कर मुद्दाम उत्पन्न करण्याचा एक प्रयोग असतो. प्रशिक्षणवर्गात तो प्रथम शिकणाऱ्याने स्वतःवर करून पाहावयाचा असतो, आणि ज्याने तो केला त्याच्या आवाजात रुग्णास तो करावयास सांगताना निराळीच खात्री येते.

स्थळाचे ज्ञानही या शिक्षणात आवश्यक आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसेंदिवस पाण्यात होते; रूळ बुडाले, वीज गेली, माणसे इमारतींत अडकून पडली. अशा गावात जो मनुष्य पहिल्या मुसळधार सरीबरोबर बेचैन होतो, त्याची भीती ‘अविवेकी’ म्हणून निकालात काढणारा चिकित्सक पाठ्यपुस्तकास प्रामाणिक आणि रुग्णास अप्रामाणिक ठरेल. तेथे पुराव्याची छाननी निराळी करावयाची: पाणी भरते हे सत्य, त्यासाठी कोणती तयारी करावी हा व्यवहार, आणि ढग नसलेल्या रात्रीसुद्धा दर तासाला उठून खिडकीतून पाहणे ही चिंता. या तीन गोष्टी विलग करावयास स्थानिक माणूस परक्या तज्ज्ञापेक्षा लवकर शिकतो, आणि म्हणून पर्यवेक्षण जितके जवळचे तितके बरे.

हे जवळचे पर्यवेक्षण थोड्या साधनांत होऊ शकते, याचा पुरावा शेजारच्या गोव्याने दिला. १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे संगाथ ही संस्था स्थापन केली. तिच्या ‘मानस’ या प्रयोगात २४ दवाखान्यांतील, त्यांपैकी निम्मे सरकारी आणि निम्मे खासगी, चिंता व नैराश्याच्या २,७९६ रुग्णांचा अभ्यास झाला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु शिकवून तयार केलेल्या आरोग्य-समुपदेशकांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम केले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत असा उपचार मिळालेल्यांपैकी सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण विकारमुक्त आढळले, इतर सरकारी केंद्रांत सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसून आला नाही. ‘मानस’मधील संभाषणोपचार सीबीटीहून निराळा होता, पण त्याच संस्थेचा पुढचा प्रयोग सीबीटीच्याच कुळातील वर्तनोपचाराचा होता, नैराश्यासाठी योजिलेला, आणि प्रशिक्षणाच्या इतिहासात तो अधिक बोलका ठरला. त्यात समुपदेशक आपापल्या बैठकांची ध्वनिमुद्रणे एकत्र बसून ऐकत आणि ठरीव गुणपत्रिकेवर एकमेकांस गुण देत. सहकाऱ्यांचे गुण आणि तज्ज्ञांचे गुण यांत पुरेसा मेळ आढळला. याचा अर्थ असा की, काही महिन्यांच्या उमेदवारीनंतर सामान्य शिक्षण झालेली माणसेही परस्परांचे पर्यवेक्षक होऊ शकतात. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील खेड्यांतून, आणि नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ या उपक्रमातून, गावातल्याच माणसांना मनाच्या दुखण्यांसाठी तयार करण्याचे यत्न झाले. तेही याच वाटेवरचे.

कायद्याने या काळात पुष्कळ मजल मारली. १९९२ च्या पुनर्वसन परिषदेच्या कायद्याने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी आली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरला. २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याची तरतूद केली. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी दहा टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांस त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांवाचून होते. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, ही गोष्ट आपल्या राज्यकर्त्यांनी मनावर घ्यावयास हवी होती. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. परंतु सनद, हक्क आणि दूरध्वनी क्रमांक यांपैकी एकही त्या स्त्रीच्या पर्समधील ती बाटली पाहू शकत नाही. २०२० च्या टाळेबंदीत लोकल बंद पडली, तेव्हा उपचार आणि पर्यवेक्षण दोन्ही पडद्यावर आली; वसईच्या समुपदेशकास ठाण्याच्या किंवा बंगळुरूच्या ज्येष्ठापुढे आपले काम ठेवण्याची सोय झाली. ही सोय टाळेबंदीनंतर टिकवून धरण्यासारखी आहे.

वसई-विरारसाठी यापुढे काय करता येईल, हे गोव्याच्या अनुभवावरून पुष्कळसे उघड आहे. महानगरपालिकेच्या एखाद्या दवाखान्यातील एक खोली, आठवड्यातील ठरलेली एक दुपार, वसई, नालासोपारा आणि विरार येथे काम करणारे पाच-सहा समुपदेशक, रुग्णाच्या लेखी संमतीने केलेले एक ध्वनिमुद्रण, आणि मराठीत लिहिलेली गुणपत्रिका, एवढ्या सामग्रीवर पर्यवेक्षणाचा गट उभा राहतो; महिन्यातून एकदा घोडबंदरच्या रस्त्याने ठाण्याहून एखादा अनुभवी चिकित्सक येऊन बसला, किंवा पडद्यावरून हजर राहिला, तर गटाने दिलेले गुण पडताळलेही जातील. खर्चाची बाब किरकोळ आहे. अडचण पडेल ती समुपदेशकाने स्वतःचे काम दुसऱ्यास ऐकविण्याच्या संकोचाची, आणि तो पहिल्या दोन-तीन बैठकांत मोडतो असा अशा गटांत बसलेल्यांचा अनुभव आहे. खोली मिळण्यासाठी पहिली दरखास्त महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य विभागाकडे करावी लागेल, आणि तीवर या भागात काम करणाऱ्या समुपदेशकांच्याच सह्या असाव्यात.